शहर ऐकताना : एक पॉडकास्ट, शहरआशोबची परंपरा आणि पांडेसरा

'पॉडकास्ट' हा शब्द मराठीत आला आणि प्रतिशब्दाची वाट न पाहता रुळला. बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने २००४ साली 'गार्डियन' दैनिकातील एका लेखात तो वापरला, तेव्हा इंटरनेटवरून उतरवून घेऊन सवडीने ऐकायचा रेडिओ एवढाच त्याचा आशय होता. पुढे हा प्रकार वर्गापर्यंत पोहोचला. भाषा आणि जनसंवाद या विषयांच्या प्रात्यक्षिकांत 'आपल्या शहरावर एक पॉडकास्ट तयार करा' असे काम विद्यार्थ्यांना दिले जाते, आणि नमुना म्हणून एखादा गाजलेला इंग्रजी कार्यक्रम ऐकवला जातो. त्या नमुन्याची चिकित्सा मात्र सहसा होत नाही. कविता किंवा कथा शिकवताना जे प्रश्न हटकून विचारले जातात, म्हणजे निवेदक कोण, तो कोठे उभा आहे, काय सांगतो आणि काय गाळतो, ते प्रश्न या श्राव्य प्रकारालाही विचारले पाहिजेत. तो तंत्राचा विषय आहे असे समजून भाषेच्या शिक्षकाने बाजूला उभे राहणे योग्य नाही.

प्रस्तुत लेखात शहर आणि सार्वजनिक जागा या विषयावरील एका प्रसिद्ध पॉडकास्टचा विचार केला आहे. तो करताना कान मात्र सुरत शहराच्या दक्षिणेकडील पांडेसरा या औद्योगिक वस्तीत ठेवला आहे. जो नमुना सॅन फ्रान्सिस्कोत घडला तो पांडेसऱ्यातील विद्यार्थ्याच्या हातात आल्यावर काय होते, हा खरा प्रश्न आहे.

अदृश्य गोष्टींचा कार्यक्रम

'नाइन्टी नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल', म्हणजे 'नव्व्याण्णव टक्के अदृश्य', हा कार्यक्रम रोमन मार्स यांनी २०१० साली सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केला. केएएलडब्ल्यू हे तेथील सार्वजनिक रेडिओ केंद्र आणि वास्तुरचनाकारांच्या राष्ट्रीय संस्थेची स्थानिक शाखा यांचे त्याला सहकार्य होते. आरंभीचे भाग जेमतेम चार-पाच मिनिटांचे असत. पुढे ते अर्ध्या तासापर्यंत आणि त्याहून लांब झाले. २०२० मध्ये मार्स आणि कर्ट कोलस्टेड यांनी याच विषयावर एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले आणि २०२१ मध्ये सिरियस एक्सएम या मोठ्या प्रसारण कंपनीने हा कार्यक्रम आपल्याकडे घेतला. या प्रकारात त्याचे जे अनुकरण झाले आहे ते पाहता त्याला या प्रकाराचा आदिनमुना म्हणण्यास हरकत नाही.

कार्यक्रमाची भूमिका साधी आहे. माणसाच्या अवतीभवतीच्या बहुतेक वस्तू कोणीतरी विचार करून घडवलेल्या असतात, आणि रचना जितकी चांगली तितकी ती नजरेतून निसटते. म्हणून पदपथ, बाक, खुणेचे फलक, पायऱ्या यांच्याकडे पुन्हा पाहायचे. २०१८ मधील एका भागाचा विषय पदपथाच्या कडेला असलेला छोटा उतार हा आहे. रस्ता ओलांडताना चाकाची खुर्ची सहज खाली उतरावी म्हणून केलेली ती सोय. हा भाग एड रॉबर्ट्स या पोलिओने अपंग झालेल्या तरुणाची आणि बर्कली येथील अपंगांच्या चळवळीची कथा सांगतो. हा उतार नगरपालिकेने कृपा म्हणून दिलेला नाही, तो मागून आणि भांडून मिळवलेला आहे, हे श्रोत्याच्या मनावर ठसते. पुढे त्याच उताराचा उपयोग बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला, सामानवाल्याला, सर्वांनाच कसा झाला हेही येते. श्राव्य निबंध म्हणून हा भाग उत्तम आहे आणि वर्गात ऐकवण्यासारखा आहे.

२०१६ मधील दुसरा एक भाग 'नकोशा करणाऱ्या रचना' या विषयावर आहे. लंडनच्या कॅम्डन भागातील काँक्रीटचा एक बाक त्यात येतो. त्याला असे उतार आणि कोन दिलेले आहेत की बसता येते पण आडवे होता येत नाही. त्याच्या आडोशाला काही लपवता येत नाही, त्यावर स्केटबोर्ड चालवता येत नाही. कोणाला येथे थांबू द्यायचे नाही हे त्या बाकाने न बोलता ठरवून टाकलेले असते. सार्वजनिक जागा सर्वांची असते या समजुतीला हा भाग चांगलाच धक्का देतो.

कार्यक्रमाची बलस्थाने उघड आहेत. मार्स यांचा आवाज माइकच्या अगदी जवळचा, खाजगीत बोलल्यासारखा आहे. संगीताचा तुकडा कधी सोडायचा आणि कधी थांबवायचा याचे भान पक्के आहे. माहिती ओझ्यासारखी अंगावर येत नाही. पण जरा बारकाईने ऐकले तर भागांमागून भागांत एकच सांगाडा दिसतो. आरंभी एखादी विचित्र, लहानशी वस्तू. मग 'ही अशी का?' हा प्रश्न. मग जुने दस्तऐवज, एखादा तज्ज्ञ, एक नाव असलेला कर्ता, आणि शेवटी उलगडा. म्हणजे हा कोड्याचा सांगाडा आहे. शहर हे येथे एक कोडे आहे आणि त्याचे उत्तर कोठेतरी नोंदलेले आहे, असे गृहीत धरलेले असते. रस्त्यात दिसणारी स्मारकाची पाटी नेहमी वाचावी, हा या कार्यक्रमाचा आवडता सल्ला त्याच गृहीतकातून आलेला आहे.

ज्या शहरात पाट्या आहेत तेथे हा सल्ला उपयोगी पडतो.

पाटी नसलेली वस्ती

पांडेसरा हे नाव सुरतेबाहेरच्या माणसाला जीआयडीसीमुळे, म्हणजे गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे माहीत असते. कृत्रिम धाग्याचे कापड, त्यावरची रंगाई आणि छपाई हा येथील धंदा. गिरण्यांची धुराडी, पियूष पॉइंटचा गजबजलेला चौक, हाउसिंग बोर्डाची घरे, बमरोलीकडे जाणारा रस्ता, पलीकडे भेस्तानचे स्टेशन असा हा परिसर आहे. खानदेशातील माणसाला तो परका नाही. उधना ते जळगाव हा रेल्वेमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर यांना थेट सुरतेच्या दाराशी आणून सोडतो. त्याच गाडीने कित्येक पिढ्या आल्या आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावल्या. त्यांच्या शेजारी ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले, उत्तर प्रदेश आणि बिहारमधले कामगार राहतात. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू या माध्यमांच्या शाळा चालवते, ही एकच गोष्ट या शहराच्या घडणीबद्दल पुष्कळ सांगून जाते.

आता येथे कोड्याचा सांगाडा लावून पाहावा. पदपथावरची चहाची लारी, पानाचा गल्ला, सोसायटीच्या तोंडाशी असलेला ओटा, बंद शटरपुढची पायरी. ही पांडेसऱ्यातील माणसे जमण्याची ठिकाणे आहेत. यांतील एकाही ठिकाणाला रचनाकार नाही. नकाशा नाही, उद्घाटनाचा दगड नाही. एखाद्या विद्यार्थ्याने 'ही जागा कोणी घडवली?' असे विचारत फिरावे तर त्याला उत्तरच मिळणार नाही, आणि तो निमूटपणे पांडेसरा सोडून जुन्या शहरातील किल्ल्याकडे किंवा गोपी तळ्याकडे वळेल. तेथे मलिक गोपीचे नाव आहे, काळ आहे, पाटीही आहे. सुरतेवरचे कार्यक्रम ऐतिहासिक शहरातच का घुटमळतात याचे एक कारण या सांगाड्यात आहे. विद्यार्थ्याचा आळस हे कारण नव्हे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. शहरविषयक पॉडकास्ट सार्वजनिक जागेचा विचार जागेच्या अंगाने करतो. पांडेसऱ्यात प्रश्न वेळेचा आहे. यंत्रमागाच्या खात्यात बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. एकटे आलेले कामगार ज्याला 'मेस' म्हणतात अशा मोठ्या खोल्यांत राहतात, आणि दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर रातपाळीचा माणूस निजतो. ज्याच्या अंथरुणाचीच पाळी लागलेली आहे त्याचे घर म्हणजे अर्ध्या दिवसाची निजायची जागा. उरलेला वेळ, जो काही उरतो तो, रस्त्यावर जातो. म्हणजे रस्ता ही त्याची फिरायची जागा नाही, ती त्याची बैठकीची खोली आहे. सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सात वाजता हाच रस्ता दोन निरनिराळ्या वस्त्यांचा असतो. दक्षिण गुजरातमधील श्रमिकांचा १९६० च्या दशकापासून अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 'फुटलूज लेबर' (१९९६) या ग्रंथात या फिरत्या, कोठेही मूळ न धरू दिलेल्या श्रमाचे जे विवेचन केले आहे ते येथे आठवावे. मूळ धरू न देणे हीच त्या व्यवस्थेची रीत असेल, तर 'ही जागा कोणाची?' या प्रश्नाआधी 'येथे थांबायला वेळ कोणाला आहे?' हा प्रश्न येतो.

मालेगावचे उदाहरण शेजारचे आहे. तेही यंत्रमागांचे गाव, तेथेही उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत नांदतात. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात शुक्रवारच्या सुटीला चित्रपटगृहावर लोटणारी गर्दी आहे. त्या गावाची सार्वजनिक जागा आठवड्यातून एकदा उघडते, असेच म्हणावे लागते.

आणि तिसरी गोष्ट आवाजाची. ध्वनीचे माध्यम असूनही शहरविषयक पॉडकास्टला शांतता लागते. माइकजवळचा तो मृदू आवाज बंद खोलीत घडतो, वातावरणनिर्मितीसाठी बाहेरचा गोंगाट मागाहून चवीपुरता मिसळला जातो. लूमच्या खात्यात शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. तेथील कामगार खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून पुष्कळसे समजून घेतो. खात्याबाहेर आल्यावरही त्याचा आवाज काही वेळ चढलेलाच राहतो. संपादक ज्याला 'खराब ध्वनिमुद्रण' म्हणून टाकून देईल तीच येथे मुख्य माहिती आहे.

पेशांनुसार मोजलेले शहर

शहर ऐकवण्याचा याहून वेगळा काही प्रकार असू शकतो का? उर्दूच्या अध्यापकाला याचे उत्तर लांब शोधावे लागत नाही. अठराव्या शतकातील 'शहरआशोब' हा काव्यप्रकार हेच काम करीत होता, आणि तोही ऐकण्याचाच प्रकार होता. मुशायऱ्यात, बैठकीत तो म्हटला जाई.

फारसीत या प्रकाराचे आरंभीचे रूप खेळकर होते. शहरातील निरनिराळ्या पेशांच्या देखण्या तरुणांचे वर्णन त्यात येई. दिल्लीची घडी विस्कटल्यावर उर्दूत त्याने गंभीर वळण घेतले. सौदाच्या शहरआशोबात एकेक पेशा समोर येतो आणि त्याची दशा सांगून बाजूला होतो. पगार न मिळालेला शिपाई येतो, व्यापारी येतो, हकीम येतो, शायर येतो. मुलांना शिकवणारा मुल्लाही येतो, आणि त्याची कमाई ऐकून आजच्या विनाअनुदानित किंवा तासिका तत्त्वावरील अध्यापकाला ओळखीचे वाटल्याशिवाय राहत नाही! नजीर अकबराबादीच्या शहरआशोबात आग्र्याच्या बाजारातील सराफापासून कारागिरापर्यंत सारेच हातावर हात ठेवून बसले आहेत. नजीर स्वतः मुले शिकवून पोट भरणारा माणूस होता. कवितेच्या अखेरीस तो आपली गणना त्याच शहराच्या गरिबांत करतो. निवेदक शहराबाहेरून आलेला जिज्ञासू नाही, शहर बुडते तेव्हा तोही बुडतो.

रचनेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की शहरआशोबला नायक लागत नाही आणि उलगडाही लागत नाही. एकामागून एक कडवे, प्रत्येक कडव्यात एक पेशा. ही यादीची रचना आहे. कोड्याच्या रचनेत एकाच माणसाला नाव मिळते आणि बाकीचे पार्श्वभूमी होतात. यादीच्या रचनेत प्रत्येकाला एक कडवे मिळते. पांडेसऱ्यासारख्या ठिकाणी, जेथे जागा घडवणारा कोणी एक नाही आणि वापरणारे अनेक आहेत, तेथे यादीची रचनाच विषयाला न्याय देऊ शकते. लूमवाला, तेलवाला, रंगाई खात्यातला, गाठी उचलणारा, लारीवाला, मेस चालवणारा, रिक्षावाला, साडीचे धागे कापणारी. यांच्या क्रमानेच ते शहर सांगता येते.

मराठीत हे काम शाहिरांनी केले. १९४० च्या दशकात लालबावटा कलापथकातून अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मुंबई गिरणगावातल्या मैदानांत उभी केली. अण्णा भाऊंच्या मुंबईवरील लावणीत आणि 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडमध्ये शहर माणसांच्या कामांतून आणि विरहांतून येते, इमारतींतून नव्हे. कार्यक्रम कोठे आणि केव्हा करायचा हेही गिरणीची पाळी पाहून ठरवावे लागे. मुंबई आकाशवाणीवर अनेक दशके चाललेल्या 'कामगार सभा' या कार्यक्रमाच्या नावातच श्रोता कोण हे सांगितलेले होते. पॉडकास्ट 'केव्हाही ऐका' म्हणतो, आणि ते सोयीचे आहेच, पण त्या केव्हाहीमध्ये कोणाशी बोलतो आहोत हे ठरवण्याची जबाबदारी नाहीशी होते.

शहरआशोबची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर हे नुसते परंपरागौरवाचे लेखन होईल. अनेक शहरआशोबांत विस्कटलेल्या जुन्या प्रतिष्ठेचे दुःख आहे, आणि हलक्या समजल्या गेलेल्या जातींतील माणसे वर आल्याबद्दलची चीडही आहे. पेशा मोजताना कवी त्याची पायरीही मोजतो. शिवाय त्या बाजारात स्त्री जवळजवळ नाही. म्हणून तो प्रकार जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. त्याची यादी घ्यावी, तक्रारीचा सूर सोडून द्यावा.

सुरतेपुरते सांगायचे तर या शहराला उर्दू कवितेत फार जुने आणि प्रसन्न स्थान आहे. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि गुजरात या दोहोंशी नाते सांगणाऱ्या वली दखनीने सुरतेच्या स्तुतीत एक मसनवी लिहिली. बंदर, तापी, नाना पंथांची आणि देशांची माणसे यांनी ती भरलेली आहे. आशोब नव्हे, तारीफ. वलीचे निधन १७०७ च्या सुमारास अहमदाबादेत झाले. तेथील त्याची मजार २००२ च्या दंगलीत उद्ध्वस्त करण्यात आली आणि त्या जागेवर डांबरी रस्ता झाला. त्या रस्त्यावरून जाणाऱ्याने पाटी वाचण्याचा सल्ला कितीही मनावर घेतला तरी तेथे वाचण्यासारखे काय आहे? सार्वजनिक जागेवर कसल्या खुणा राहतात आणि कसल्या पुसल्या जातात, हा शहरविषयक पॉडकास्टचा विषय असायला हवा. रचनेच्या कौतुकात तो मागे पडतो.

ओटा आणि रिकामा वेळ

स्त्रीच्या अनुपस्थितीचा प्रश्न शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या 'व्हाय लॉयटर?' (२०११) या मुंबईवरील पुस्तकाने वेगळ्या रीतीने मांडला. स्त्रीला रस्त्यावर असण्यासाठी नेहमी काही कारण दाखवावे लागते, पिशवी, मूल, डबा, कार्यालय. कारणाशिवाय रेंगाळण्याचा हक्क हाच तिच्या नागरिकत्वाचा कस आहे, असे या लेखिकांचे प्रतिपादन आहे. समीरा खान यांनी मुंबईतील मुस्लीम स्त्रिया आणि मोहल्ला यांवर २००७ साली स्वतंत्रपणे लिहिले. दंगलींनंतर सुरक्षिततेसाठी समाज मोहल्ल्यात गोळा झाला. तोच मोहल्ला स्त्रीला सुरक्षितही ठेवतो आणि तिच्यावर पहाराही करतो, हे त्यांचे निरीक्षण समाजाच्या महाविद्यालयांत काम करणाऱ्या अध्यापकांनी टाळू नये असे आहे. वर्गात बसलेल्या मुलींना ते पुस्तकाविना ठाऊक असते.

पांडेसऱ्यात मात्र या मांडणीलाही एक पुरवणी जोडावी लागते. येथील स्त्रिया घराबाहेरच्या ओट्यावर बसून साडीचे सुटे धागे कापतात, टिकल्या-खडे लावतात, लेस गुंडाळतात. नगावर मजुरी मिळते. बाहेरून पाहणाऱ्याला चार बायका गप्पा मारत बसलेल्या दिसतात. ते रेंगाळणे नाही, ते काम आहे. पण त्या कामाला कारखाना म्हटलेले नसल्याने मजुरीचे नियम तेथपर्यंत पोहोचत नाहीत. ओटा घराचाही नाही, रस्त्याचाही नाही, खात्याचाही नाही, आणि तिन्हींचा आहे. अशा जागेला सार्वजनिक म्हणावे की खाजगी, याची चर्चा एखाद्या भागात झाली तर ती कॅम्डनच्या बाकाइतकीच उद्बोधक ठरेल. त्यासाठी निवेदकाला ओट्यावर बसावे लागेल, आणि बसल्यावर त्या बाईचे हात थांबले तर तिची मजुरी बुडेल हेही ध्यानात ठेवावे लागेल.

आवाज केव्हा ऐकू आला

२४ मार्च २०२० रोजी देशभरची टाळेबंदी जाहीर झाली. पाळ्या थांबल्या. ज्या खोल्या पाळ्यांच्या हिशेबावर चालत होत्या त्यांत आता दोन्ही पाळ्यांची माणसे एकाच वेळी कोंडली गेली. अंतर राखा, घरातच राहा, ही सूचना ज्यांना घराचा अर्धाच दिवस मिळतो त्यांच्यासाठी केलेली नव्हती. मार्चच्या अखेरीस पांडेसऱ्यात कामगार 'आम्हाला गावी जाऊ द्या' म्हणून रस्त्यावर आले, पोलिसांशी संघर्ष झाला, अनेकांना अटक झाली. पुढील आठवड्यांत सुरतेच्या इतर भागांतही तेच घडले. देशभरच्या वृत्तवाहिन्यांनी पांडेसरा हे नाव उच्चारले ते या निमित्ताने.

या प्रसंगाची ध्वनिचित्रणे पुष्कळ आहेत. त्यांत आरडाओरडा आहे, शिट्या आहेत, वार्ताहराचा चढलेला आवाज आहे. कामगाराचे सलग, पूर्ण वाक्य फार थोड्या ठिकाणी आहे. ओडियात बोलणाऱ्याचे तर नाहीच म्हटले तरी चालेल. म्हणजे आवाज पोहोचला, बोलणे पोहोचले नाही. जी वस्ती रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला बोलत होती तिच्याकडे त्याआधी कोणी माइक नेलेला नव्हता, त्यामुळे संकटाच्या दिवशी तिचे बोलणे समजून घेण्यासाठी कोणाच्या कानाला सवयही नव्हती. पॉडकास्ट हा प्रकार जर काही भरून काढू शकत असेल तर हे. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाइल पुरतो.

वर्गातील काम

विद्यार्थ्यांनी केलेल्या श्राव्य प्रात्यक्षिकांत एक दोष वारंवार आढळतो. घरी अहिराणी किंवा दखनी बोलणारा मुलगा माइक समोर येताच प्रमाण मराठीच्या, नाहीतर दूरदर्शनी हिंदीच्या आवाजात बोलू लागतो. 'नमस्कार मित्रांनो' पासून सुरुवात होते. तो रोमन मार्स यांची, किंवा त्यांची नक्कल करणाऱ्या कोणाची, नक्कल करीत असतो. भाषेच्या शिक्षकाने गुण देताना शुद्धतेकडे पाहिले की ही नक्कल आणखी पक्की होते. मूल्यमापनाचा निकष येथे बदलावा लागेल. मुलाखतीतील माणूस ज्या बोलीत बोलतो ती तशीच ठेवली आहे काय, आणि निवेदकाने आपल्या बोलीची लाज बाळगली आहे काय, हे आधी पाहावे. उच्चार नंतर.

कामाची आखणीही जागेऐवजी वेळेवर करता येईल. 'आपल्या भागातील एक सार्वजनिक जागा' असा विषय देण्याऐवजी 'पाळी सुटण्याची वीस मिनिटे' असा विषय द्यावा. एकाच चौकात सकाळी आणि संध्याकाळी जाऊन कोणत्या पेशाची माणसे तेथे थांबतात याची यादी करावी, आणि प्रत्येक पेशाला एक मिनिट द्यावे. हा एक प्रकारचा शहरआशोबच होईल, रडगाणे नसलेला. उधना दरवाजा ते सचिन या मार्गावर २०१४ च्या जानेवारीत बीआरटीएसची बस सुरू झाली, ती पांडेसऱ्यावरून जाते. रस्त्याच्या मधोमध असलेला तिचा थांबा कोणी रचला हे विचारायला हरकत नाही. पण पाळी सुटताना त्या थांब्यापर्यंत रस्ता ओलांडणारे कोण, आणि तिकिटाचे पैसे वाचवून शेअर रिक्षाने किंवा चालत जाणारे कोण, हे विचारले तर कर्ब कटच्या भागासारखी काही गोष्ट हाती लागेल.

एका बाबतीत सावध राहिले पाहिजे. खात्यातील कामगाराने मालकाबद्दल किंवा मुकादमाबद्दल काही सांगितले आणि त्याचा आवाज ओळखू आला तर त्याचे काम जाईल. लेखात नाव बदलता येते, आवाज तितका सहज बदलता येत नाही. म्हणून संमती केवळ 'बोलाल का?' एवढ्यावर संपत नाही. ऐकवून दाखवून, काय ठेवायचे आणि काय काढायचे हे त्याला विचारूनच भाग पुरा करावा. व्यावसायिक कार्यक्रमांत हा शिरस्ता नाही, संपादनाचा अधिकार ते स्वतःकडे ठेवतात. महाविद्यालयाला तो पाळणे शक्य आहे, कारण महाविद्यालयाला दर आठवड्याला भाग प्रसिद्ध करायचा नसतो.

राहता राहिला लिखित संहितेचा प्रश्न. 'नाइन्टी नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल'च्या भागांच्या लिखित संहिता उपलब्ध असतात, आणि शिक्षकाला त्यांचा फार उपयोग होतो. विद्यार्थ्यांच्या कामालाही संहिता असावी. पांडेसऱ्यातील एखाद्या चहाच्या लारीवरचे पाच मिनिटांचे संभाषण उतरवून काढायचे तर त्यात अहिराणीचा 'ना', दखनीचा 'नको', गुजरातीचा 'छे' आणि ओडियाचे न कळलेले चार शब्द एकत्र येतात. मराठीच्या विद्यार्थ्याने ते देवनागरीत आणि उर्दूच्या विद्यार्थ्याने नस्तालीकमध्ये लिहावे, मग दोन्ही संहिता शेजारी ठेवून कोणता आवाज कोणत्या लिपीत निसटला हे तपासावे. न कळलेल्या ओडिया शब्दांची जागा रिकामी सोडावी आणि ओडिया माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या एखाद्या मुलाला ती भरायला बोलवावे.